दोन देशांच्या सीमेला चिकटलेल्या भागांचं आर्थिक सहकार्य, यावर नक्की कोणती थिअरी वाचायची?

कागलची_मैत्रेयी

नमस्कार मंडळी, एमए इकॉनॉमिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सेमिनारला विषय घेतलाय 'राष्ट्रीय सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शेजारी प्रदेशांमधलं आर्थिक सहकार्य'. विषय मीच मागून घेतला पण आता अडकलेय. पुस्तकात रिकार्डोचा तुलनात्मक लाभ आहे (ज्यात तुलनेने सरस ते बनवा, बाकीचं बाहेरून घ्या), व्हायनरचा सीमाशुल्क संघ आहे (आपापसात जकात नाही, बाहेरच्यांना सगळ्यांची एकच जकात), बलासाच्या आर्थिक एकत्रीकरणाच्या पायऱ्या आहेत (आधी मुक्त व्यापार क्षेत्र, मग सीमाशुल्क संघ, मग सामाईक बाजारपेठ वगैरे). पण हे सगळं देश विरुद्ध देश असं चाललंय, देश म्हणजे जणू एक ठिपका. सीमेवरचं गाव त्यात कुठेच दिसत नाही.

माझं गाव कागल. आमच्याकडे नुसती राज्याची हद्द आहे तरी पेट्रोल स्वस्त मिळतं म्हणून माणसं कर्नाटकात कोगनोळीला जाऊन टाकी फुल करून येतात, हे लहानपणापासून बघतेय. मग जिथे खरोखरचे दोन देश आहेत, दोन चलनं आहेत, दोन पगार आहेत, तिथे काय होत असेल? आणि माझा मुख्य प्रश्न असा की हे शेजारी प्रदेश एकत्र येतात ते एकमेकांसारखे असतात म्हणून, की वेगळे असतात म्हणून? सरांना विचारलं तर म्हणाले दोन्ही लिही. पण दोन्ही कसं असेल, मला ते पटत नाहीये. कोणी प्रत्यक्ष अशा ठिकाणी राहत असेल तर प्लीज सांगा, थिअरीवालेही बोला.

पाटी_पेन्सिल

मैत्रेयी, प्रश्न अगदी नेमका विचारलायस. मी पंधरा वर्षं हा विषय शिकवतोय आणि सीमेवरच्या गावाबद्दल मुलं क्वचित विचारतात. थोडं मोठं होईल, सांभाळून घे.

व्हायनरपासूनच सुरू कर पण त्याला सीमेवर उभा करून वाच. १९५० मध्ये त्याने सांगितलं ते असं की दोन देशांनी आपापसातली जकात काढली की व्यापार वाढतो खरा, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. घरी महाग बनणारी वस्तू आता शेजाऱ्याकडून स्वस्तात यायला लागली, तर ती व्यापार निर्मिती. पण आधी तिसऱ्याच देशातून स्वस्तात येणारी वस्तू आता केवळ शेजाऱ्याला जकात नाही म्हणून त्याच्याकडून महागात घ्यायला लागलो, तर ते व्यापार विचलन, आणि त्यात नुकसान असू शकतं. हे परीक्षेत सगळे लिहितात. यात नसलेली गोष्ट म्हणजे अंतर, जागाच नाही त्या मांडणीत, म्हणून तुला गाव दिसत नाही.

जागा आणली जर्मन अर्थशास्त्रज्ञ ऑगस्ट लॉश याने, १९४० मध्ये. प्रत्येक बाजारपेठेच्या गावाभोवती गिऱ्हाइकांचं एक क्षेत्र असतं, साधारण गोल धर. आता त्या वर्तुळातून राष्ट्रीय सीमा गेली तर अर्धं गिऱ्हाईक तुटतं. दुकान तेच, मालक तोच, पण अर्धाच बाजार. म्हणून सीमेवरची गावं वाढत नाहीत, धंदे आतल्या भागात सरकतात. रेडिंग आणि स्टर्म या दोघांनी २००८ मध्ये हे जर्मनीच्या फाळणीवर तपासून दाखवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व-पश्चिम अशी सीमा पडली, आणि पश्चिम जर्मनीतली जी शहरं त्या सीमेपासून ७५ किलोमीटरच्या आत होती ती बाकीच्या पश्चिम जर्मन शहरांच्या मानाने मागे पडली, त्यातही लहान शहरांना जास्त फटका. शहराची चूक काहीच नाही, नकाशावर रेघ ओढली गेली एवढंच!

म्हणजे सहकार्याचा पहिला अर्थ असा की तुटलेलं वर्तुळ परत जोडणं, आणि यात दोन्ही बाजू सारख्या असल्या तरी फायदा आहे.

दुसरा अर्थ वेगळेपणाचा. एकीकडे भांडवल आणि कसब, दुसरीकडे जमीन आणि मजूर. आशियातल्या 'वाढ त्रिकोणां'ची (तीन देशांच्या शेजारी भागांनी मिळून उद्योग वाढवण्याची) कल्पना याच पायावर उभी आहे. मेक्सिकोचं उदाहरण तर त्याहून जुनं, अमेरिकेने १९६४ मध्ये मेक्सिकन शेतमजुरांचा ब्रासेरो कार्यक्रम बंद केला, सीमेवर बेकार माणसांचे लोंढे आले, म्हणून १९६५ पासून मेक्सिकोने सीमेलगत कारखान्यांना सवलत दिली की कच्चा माल बिनजकात आणा, जोडणी करा, परत पाठवा. हेच ते माकिलादोरा कारखाने. अमेरिकेतल्या एल पासोच्या समोरचं सिउदाद हुआरेस हे शहर त्यातून फुगलं. व्यापार खुला होत गेला तसा मेक्सिकोतला कारखानदारीचा रोजगार मेक्सिको सिटीकडून सीमेकडे सरकला.

म्हणून तुझे सर 'दोन्ही' म्हणाले ते बरोबरच आहे, पण नुसतं दोन्ही लिहून भागणार नाही, कोणत्या ठिकाणी कोणतं ते लिही.

आणि अर्थशास्त्रज्ञ जॉन मॅकॅलमला विसरू नकोस. १९९५ चा त्याचा छोटासा पेपर. अंतर आणि अर्थव्यवस्थेचा आकार सारखे धरले तरी कॅनडाचे प्रांत आपापसात जेवढा व्यापार करत होते तो अमेरिकन राज्यांशी असलेल्या व्यापाराच्या सुमारे २२ पट निघाला, १९८८ च्या आकड्यांवर. भाषा बहुतांशी तीच, रस्ते चांगले, जकात कमी, तरी २२ पट! पुढे अँडरसन आणि व्हॅन विनकूप यांनी २००३ मध्ये दाखवलं की त्या हिशोबात दोष होता आणि खरा परिणाम बराच कमी आहे, पण शून्य कोणालाच काढता आला नाही. म्हणजे जकात काढली तरी सीमा शिल्लक राहते. ती कशात राहते हे शोधणं हाच तुझा सेमिनार असं मला वाटतं.

ऱ्हाईनकाठचा_जोशी

सरांनी सीमा कशात शिल्लक राहते असं विचारलंय त्याला मी रोज बघतो ते सांगतो. मी बाझलमध्ये राहतो, सात वर्षं झाली. इथे स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि जर्मनी तिन्ही एकाच गावात भेटतात म्हणा ना. ८ नंबरची ट्राम शहराच्या मध्यातून निघते आणि थेट जर्मनीतल्या वाइल आम राईनला जाऊन थांबते, डिसेंबर २०१४ पासून. ३ नंबरची फ्रान्समधल्या सँ लुईला, २०१७ पासून.

शनिवारी सकाळी ८ नंबरमध्ये चढून बघा एकदा. आमच्यासारखी निम्मी ट्राम रिकाम्या पिशव्या आणि चाकांच्या ट्रॉल्या घेऊन जर्मनीला निघालेली असते, कारण तिकडे दूध, चीज, साबण, डायपर सगळंच बरंच स्वस्त. बिलाबरोबर दुकानदाराकडून निर्यातीची हिरवी चिठ्ठी भरून घ्यायची, परत येताना जर्मन कस्टमच्या खिडकीवर रांगेत उभं राहून शिक्का मारून घ्यायचा, पुढच्या वेळी त्याच दुकानात ती चिठ्ठी दिली की जर्मन व्हॅट परत मिळतो. त्या रांगेत मी पावसात पाऊण तास उभा राहिलोय, पुढच्या आजींच्या हातात अकरा चिठ्ठ्या होत्या रबर लावलेल्या. २०२० पासून जर्मनीने नियम केला की एका बिलाला ५० युरोच्या वर खरेदी असेल तरच परतावा. आणि आता १ जानेवारी २०२५ पासून स्विस बाजूने बिनकर आणायची मर्यादा माणशी ३०० फ्रँकवरून १५० वर आणली, कारण इकडच्या दुकानदारांची ओरड होती की आमचं गिऱ्हाईक सगळं ट्राममध्ये बसून जातंय. मैत्रेयी, हे तुमच्या कोगनोळीचंच आहे की. दोन किमती शेजारी ठेवल्या की माणूस चालायला लागतो, त्याला ना करार लागतो ना थिअरी.

पण माझ्या मते याला सहकार्य म्हणता येणार नाही, हा नुसता फरकाचा फायदा आहे. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक हा धरून ठेवलेला दर सोडला आणि फ्रँक एका दिवसात वर गेला, तेव्हा ट्रामा अजून भरल्या. उद्या फ्रँक पडला तर रिकाम्या होतील.

सहकार्य मला दिसतं ते विमानतळात. बाझलचा विमानतळ फ्रान्सच्या जमिनीवर आहे. युद्ध संपल्यावर बाझलला धावपट्टीला जागा नव्हती, फ्रान्सकडे जागा होती पण पैसा नव्हता, म्हणून १९४६ मध्ये करार होण्याआधीच कामाला लागले आणि दोन महिन्यांत धावपट्टी केली, सह्या झाल्या त्या १९४९ ला. जमीन फ्रान्सची, बांधकामाचा पैसा स्विस. स्विस बाजूने जायला दोन्हीकडे कुंपण घातलेला वेगळा कस्टम रस्ता आहे, चारी बाजूला फ्रान्स आणि कस्टमच्या हिशोबात आपण स्वित्झर्लंडमध्येच! उतरल्यावर बाहेर पडायला दोन दारं, एक फ्रान्सचं, एक स्वित्झर्लंडचं. पहिल्यांदा आई आली तेव्हा ती चुकून फ्रान्सच्या दाराने बाहेर पडली आणि मी इकडे स्विस दारात अर्धा तास तिची वाट बघत होतो.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे कर. इथे हजारो लोक रोज फ्रान्समधून कामाला येतात, औषध कंपन्यांत तर खूपच. यांचा आयकर कोणी घ्यायचा? १९८३ च्या कराराप्रमाणे बाझलला येणारे फ्रेंच लोक कर फ्रान्समध्ये भरतात आणि फ्रान्स एकूण पगाराच्या ४.५ टक्के स्वित्झर्लंडला देतो. जिनिव्हाला नेमकं उलट, तिथे १९७३ च्या करारानुसार कर जिनिव्हातच कापला जातो आणि जिनिव्हा एकूण पगाराच्या ३.५ टक्के शेजारच्या एं आणि ओत-साव्हुआ या फ्रेंच विभागांना परत देतं, कारण या माणसांची घरं, मुलांच्या शाळा, कचरा, पाणी सगळं तिथल्या गावांनी सांभाळायचं असतं. एकच देशांची जोडी, दोन शहरं, पैसा उलट्या दिशेने. तुमच्या पुस्तकात हे असेल का मला माहीत नाही पण मला वाटतं खरी थिअरी इथे आहे, की शेजारामुळे जो फायदा होतो तो कोणाच्या खिशात जातो आणि कोणाच्या गावावर भार पडतो, आणि ते वाटून घ्यायचं कोणी ठरवलंय का.

पाटी_पेन्सिल

जोशी, फार छान सांगितलंत. याला आमच्या भाषेत बाह्यपरिणाम म्हणतात, म्हणजे एकाच्या निर्णयाचा भार किंवा फायदा दुसऱ्यावर पडणं आणि त्याचा हिशोब बाजारात न होणं. एका देशात असं झालं तर वरचं सरकार अनुदान देऊन तोल सांभाळतं. सीमेवर वर कोणीच नसतं, म्हणून शेजाऱ्यांना आपापसात ठरवावं लागतं. युरोपात याची सुरुवात फार जुनी आहे, १९५८ मध्ये डच-जर्मन सीमेवर एन्सखेडे आणि ग्रोनाऊ भागातल्या नगरपालिकांनी मिळून 'युरेजिओ' नावाची संघटना काढली, बाझलमध्ये १९६३ ला रेगिओ बाझिलिएन्सिस ही तशीच संस्था आली. राजधानीतून नाही, गावातून. मग सीमेपलीकडच्या स्थानिक संस्थांच्या सहकार्याचा १९८० चा माद्रिद करार, १९९० पासून त्याच कामासाठीचा युरोपीय इंटररेग निधी, असं वर चढत गेलं. मैत्रेयी, डेव्हिड मित्रानी नावाचा माणूस १९४३ लाच सांगत होता की मोठ्या राजकीय गोष्टी बाजूला ठेवा, पाणी, रेल्वे, आरोग्य अशा एकेका कामापुरतं एकत्र या. त्याला कार्यवाद म्हणतात. ट्राम आणि विमानतळ वाचताना तो आठव.

उडलँड्स_वहिनी

मी सिंगापूरची. सरांनी वाढ त्रिकोणाचं नाव काढलं म्हणून लिहायला बसले, कारण माझ्या मते तो त्रिकोण कागदावर जेवढा सुरेख दिसतो तेवढा नाहीये.

१९८९ मध्ये सिंगापूरचे तेव्हाचे उपपंतप्रधान गोह चोक तोंग यांनी मांडलं की सिंगापूर, मलेशियाचं जोहोर आणि इंडोनेशियाची रिआउ बेटं मिळून एक त्रिकोण करू. सिंगापूरकडे पैसा आणि बंदर, तिकडे जमीन आणि मजूर. बाताम बेट फेरीने तासाभरावर, तिथे इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने उभे राहिले. १९९४ ला तिघांनी सह्या केल्या. पण जोहोर आणि रिआउ यांच्यात आपापसात फारसं काही घडलंच नाही, कारण दोघांकडे देण्यासारखं तेच, जमीन आणि माणसं. म्हणजे त्रिकोण म्हणायचं पण रेघा दोनच, दोन्ही सिंगापूरला येऊन मिळणाऱ्या. मैत्रेयी, तुझ्या प्रश्नाला हे धरून लिही ना, फरक नसेल तर आणि तुटलेलं वर्तुळही नसेल तर शेजारी असून काही होत नाही.

जोहोरशी मात्र आमचा जीव अडकलेला आहे. कॉजवे म्हणजे किलोमीटरभराचा बांध, १९२४ चा, आणि दिवसाला तीन लाखांहून जास्त माणसं ये-जा करतात. माझ्या ऑफिसातली एक मुलगी जोहोर बारूहून येते, पहाटे साडेचारला घर सोडते आणि मोटारसायकलवर नवऱ्याच्या मागे बसून, पावसाळी कोट घालूनच, कारण कॉजवेवर अडकल्यावर पाऊस आला तर आडोसा नाही. नऊला ऑफिस पण ती सव्वासातला येऊन पॅन्ट्रीत डोकं टेकून झोपलेली असते. तिला इथला पगार तिकडे जवळजवळ तिप्पट पडतो म्हणून ती हे करते. आता चार किलोमीटरची नवी रेल्वे होतेय, आणि जानेवारी २०२५ ला जोहोर-सिंगापूर विशेष आर्थिक क्षेत्राच्या करारावर सह्या झाल्यात. ती रोज विचारते, ताई गाडी कधी सुरू होणार.

पेट्रोलचं तर तुला नवल वाटेल. इथली गाडी मलेशियात न्यायची असेल तर टाकी किमान पाऊण भरलेली असावी लागते, काटा बघतात, नसेल तर परत पाठवतात आणि दंड. का, तर लोकांनी तिकडे जाऊन स्वस्त पेट्रोल भरू नये आणि इथला कर बुडू नये. १९८९ ला अर्ध्या टाकीचा नियम होता, १९९१ पासून पाऊण. आणि मलेशियाचं सबसिडीचं पेट्रोल परदेशी गाडीला द्यायचंच नाही हा त्यांचा नियम. शेजाऱ्याची सबसिडी आपण पिऊ नये आणि आपला कर त्याला मिळू नये, दोघांनी आपापल्या बाजूने दार लावून घेतलंय.

सीमेवर_१८_वर्षं

पोरी, मी शिकलेला कमी, बीएसएफमधून रिटायर झालो, आता साताऱ्याजवळ शेती बघतो. मुलीने हा धागा दाखवला म्हणून लिहितोय, टायपिंगही तिचंच.

माझी शेवटची काही वर्षं त्रिपुरात गेली. तिथे कमलासागरला बॉर्डर हाट होता, २०१५ ला सुरू झालेला. तळ्याच्या काठी कालीमातेचं देऊळ, आणि देवळाच्या पायऱ्यांवरून बांगलादेशची रेल्वेलाईन दिसते, एवढं जवळ. हाट म्हणजे आपला आठवडी बाजारच, पण बरोबर सीमारेषेवर कुंपण घालून केलेली ७५ मीटर बाय ७५ मीटरची जागा. दोन गेट, एक आपलं एक त्यांचं. आठवड्यातून एक दिवस. पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनाच प्रवेश, दुकानदारांना कार्ड, जकात नाही, रुपया चालायचा टकाही चालायचा. एका माणसाने दिवसाला किती घ्यायचं याची मर्यादा, सुरुवातीला ५० डॉलरची होती पुढे वाढवत २०० वर नेली. पहिला हाट मेघालयात कालाईचरला झाला, २०११ ला.

आमची ड्युटी गेटवर. सुक्या मासळीचा वास आधी यायचा मग माणसं दिसायची. आपली माणसं तिकडून सुकी मासळी, मेलामाईनची भांडी, प्लास्टिकचं सामान घ्यायची, त्यांची माणसं आपल्याकडचं साबण-क्रीम, बाळाचं दूधपावडर, मसाले. एकदा दोन बायका बघितल्या, सख्ख्या बहिणी, एक इकडे दिलेली एक तिकडे. शेडच्या कडेला खाली बसल्या, काही घेतलं नाही काही विकलं नाही, एकीने डबा आणलेला तो दोघींनी खाल्ला आणि गेट बंद व्हायच्या शिट्टीपर्यंत बसून राहिल्या. आमचा हवालदार कोकणातला, तो म्हणाला या दोघींना शिट्टी मी नाही मारणार, तू मार.

आता तुझ्या प्रश्नाचं. हाट व्हायच्या आधी माल जात नव्हता असं नाही. रात्री जायचा, आम्ही त्यासाठीच उभे असायचो. साखर, कपडा, कफ सिरप, गुरं. हाटाने त्यातला थोडा माल दिवसा आणला, एवढं मी सांगू शकतो. मोठा माल हाटातून जायचाच नाही, मर्यादा असायची ना. पण जी बाई पूर्वी टोपलीभर भाजी तिकडे द्यायला घाबरत यायची, ती कार्ड गळ्यात घालून ताठ मानेने येऊ लागली. कोविडमध्ये हाट बंद पडले तेव्हा सगळ्यात जास्त हाल तिचेच झाले.

कागलची_मैत्रेयी

काका, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, आणि तुमच्या मुलीला थँक्यू सांगा. सर, तुम्ही म्हणालात सीमा कशात शिल्लक राहते ते शोध, आता मला दिसतंय, चिठ्ठीवरच्या शिक्क्यात, पेट्रोलच्या काट्यात, गळ्यातल्या कार्डात. आणि काकांनी रात्रीच्या मालाचं सांगितलं तो कुठल्याच आकडेवारीत नसणार, म्हणजे हाट झाल्यावर 'व्यापार वाढला' असं आकड्यात दिसलं तरी त्यातला काही आधीचाच असेल. व्हायनरच्या दोन खणांत हा बसत नाही, मी तिसरा खण म्हणून लिहू का सर?

सेमिनार आता लॉशपासून सुरू करणार आणि जिनिव्हा-बाझलच्या कराच्या वाटणीवर जास्त वेळ देणार, वहिनींचा दोन रेघांचा त्रिकोण मध्ये. जोशीदादा, एकच विचारायचंय, जर्मनीतून बाझलला येणाऱ्यांचा कर कसा असतो? तिसरा प्रकार असेल तर तक्ता पूर्ण होईल.

पाटी_पेन्सिल

लिही की. खण तुझा आहे, नाव दे आणि सांभाळ.

ऱ्हाईनकाठचा_जोशी

हो, तिसराच प्रकार आहे. जर्मनीत राहणाऱ्याच्या पगारातून स्वित्झर्लंड जास्तीत जास्त ४.५ टक्के कापून घेतं, बाकी कर जर्मनी लावतं आणि कापलेले ४.५ त्यातून वजा करून देतं. म्हणजे दोघेही घेतात पण एकाच पैशावर दोनदा नाही. अट अशी की माणूस रोज घरी परत गेला पाहिजे, कामामुळे वर्षात ६० पेक्षा जास्त रात्री घराबाहेर गेल्या तर त्याचा सीमेपलीकडून येणारा कामगार हा दर्जा जातो आणि सगळा हिशोब बदलतो. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी लोराखहून येतो, त्याला कामानिमित्त सारखं परदेशी जावं लागतं. त्याच्या ड्रॉवरमध्ये एक छोटी डायरी आहे, त्यात तो बाहेर काढलेल्या रात्री पेनाने मोजतो. ऑक्टोबरमध्ये बघितली तेव्हा ५४ झाल्या होत्या, आणि नोव्हेंबरची कॉन्फरन्स त्याने दुसऱ्याला दिली.